अंगालगतचें वस्त्र

हिंवाळ्याच्या सुटींत हिमालयांत पदभ्रमणास जाण्याची आवड आपल्याकडील तरुण मुलामुलींत आतां चांगलीच रुजली आहे. उत्तराखंडांतील केदारकंठा हें सुमारे ३,८०० मीटर उंचीचें शिखर तर भर हिंवाळ्यांत बर्फ तुडवीत चढण्यासाठींच प्रसिद्ध आहे. घरांतून कोणी तिकडे निघालें म्हणजे सारें कुटुंब तयारीला लागतें. आजोबा जाड जाकिटासाठीं पैसे काढून देतात, आजी कानटोपी विणावयास घेते, काकू लाडू बांधते. मात्र सर्वांच्या आंत, अंगाला लागून राहणारें वस्त्र कोणतें असावें, ह्याचा विचार बहुधा कोणीच करीत नाहीं. नेहमीचे सुती गंजीफ्रॉक पिशवींत भरले जातात. खरा धोका तेथेंच आहे. म्हणून ह्या उपेक्षित वस्त्राविषयीं चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

वस्त्र ऊब देतें असें आपण म्हणतों. वास्तविक ऊब शरीराचीच असते. वस्त्र आपल्या तंतूंत हवा कोंडून ठेवतें व ती हवा शरीराची उष्णता सहजीं बाहेर जाऊं देत नाहीं. वस्त्र भिजलें कीं हवेची जागा पाणी घेतें, आणि पाणी हवेपेक्षां सुमारे २५ पट अधिक उष्णतावाहक आहे. शिवाय तें पाणी वाळतांना शरीराचीच उष्णता घेऊन जातें. पाठीवर ओझें घेऊन चढणारास बर्फांतही घाम येतो. चढतांना त्याचें कांहीं वाटत नाहीं. पण विसाव्यासाठीं थांबलें आणि वारा सुटला कीं तोच घाम वैऱ्यासारखा उलटतो. तेव्हां अंगालगतच्या वस्त्राचें पहिलें कर्तव्य ऊब देणें हें नसून अंग कोरडें राखणें हें होय.

कापूस हा आपल्या उष्ण प्रदेशांतला परम मित्र. तो घाम पितो, धरून ठेवतो व सावकाश वाळतो. त्यामुळें अंग गार राहतें. वैशाखांत जो गुण, तोच बर्फांत दोष ठरतो. लोकरीचा तंतु नागमोडी असल्यामुळें तींत हवा भरपूर राहते, आणि आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतका ओलावा शोषूनही ती हाताला फारशी ओली लागत नाहीं. तिला दुर्गंधीही लवकर येत नाहीं. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाहीं, झटपट वाळतें व स्वस्त पडतें. परंतु दोन दिवसांत त्याला वास येऊं लागतो, आणि शेकोटीची ठिणगी पडल्यास तें वितळतें. रेशीम हलकें व मऊ खरें, पण नाजूक.

जुन्या घरांतून सोवळ्यासाठीं धाबळी व मुकटा असत, म्हणजे लोकर व रेशीमच. ती योजना शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेवर आधारलेली होती. तींत थंडीचें शास्त्र शोधण्याचें कारण नाहीं. धाबळी टोचते हें मात्र ज्यांनीं ती नेसली त्यांस सांगावयास नको. जाड तंतु टोचतो, बारीक टोचत नाहीं. म्हणूनच अंगालगत मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर वापरतात.

१९२४ सालीं एव्हरेस्टवर नाहींसा झालेल्या जॉर्ज मॅलरी यांचा देह १९९९ सालीं सांपडला, तेव्हां त्यावर रेशीम, सूत व लोकर ह्यांचे एकावर एक पातळ थर होते. पुढें त्यांच्या प्रतिकृति करून २००६ सालीं ग्रॅहॅम हॉयलंड यांनीं त्या एव्हरेस्टवर घालून पाहिल्या, तों त्या हलक्या व ऊबदार वाटल्या. एका जाड कपड्यापेक्षां अनेक पातळ कपडे बरे, हा त्यांतील बोध.

कामाप्रमाणें वस्त्र निवडावें. उत्तर अमेरिकेंतील व उत्तर युरोपांतील शिकाऱ्यांस बर्फांतून तासभर चालून मग तासन्‌तास निश्चल बसावें लागतें. जाणता शिकारी चालतांना पातळ कपडे घालतो, जाड कपडे पिशवींत ठेवतो, आणि मुक्कामीं पोंचतांच घामेजलेलें वस्त्र बदलतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानें वन्य पशूंची शिकार निषिद्ध झाली. तरी पहाटे पक्षी न्याहाळीत बसणारास हाच नियम लागू आहे.

खरेदी करतांना कपड्याच्या आंतील चिठ्ठी अवश्य वाचावी. ‘थर्मल’ ह्या नांवानें विकले जाणारे कित्येक कपडे सुती किंवा सूतमिश्रित असतात. वस्त्र अंगासरसें बसावें, पण काचूं नये. वांकतांना कमर उघडी पडूं नये. दोन जोड घ्यावे: एक दिवसा चालण्यासाठीं पातळ, दुसरा केवळ रात्रीं निजण्यासाठीं जाडसर. निजण्याचा जोड दिवसा मुळींच घालूं नये. इतर अंतर्वस्त्रें व मोजेही सुती नसावेत. हें मुलींनींही ध्यानांत ठेवावें. चढावयास लागतांना किंचित् थंडी वाजत असावी. पांच मिनिटांत अंग तापतें. लोकरीचें वस्त्र गार पाण्यांत सौम्य साबणानें धुवावें, पिळूं नये, व सावलींत पसरून वाळवावें.

शरीराचें तपमान ३५ अंश सेल्सिअसखालीं गेलें म्हणजे जीवास अपाय संभवतो, आणि ओलें अंग व वारा असल्यास बर्फ नसतांही तसें घडूं शकतें. सोबती कुडकुडूं लागला, अडखळूं लागला, त्याचें बोलणें असंबद्ध होऊं लागलें, तर त्याला आडोशाला न्यावें, प्रथम ओलें वस्त्र काढून कोरडें घालावें व तो शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावें. मद्य देऊं नये; त्यानें उष्णता अधिकच निघून जाते. मदतीसाठींही ताबडतोब निरोप धाडावा.

म्हणून वडील मंडळींस विनंति कीं, पैसे बेताचे असल्यास जाकीट भाड्यानें आणावें, पण अंगालगतचें वस्त्र चांगलें घेऊन द्यावें. आणि निघण्याच्या आदल्या रात्रीं पिशवी एकदां उघडून तींतील सुती गंजीफ्रॉक काढून घ्यावे. ते परत आल्यावर घरीं वापरावयास आहेतच.