गेंगाणे बोलणारी मुले

एखादे मूल नाकात बोलते असे दिसले की त्यास ‘गेंगाणे’ म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. परंतु या एका शब्दाखाली परस्परविरुद्ध असे दोन दोष झाकले जातात, आणि एकावरील इलाज दुसऱ्यास अपायकारक ठरू शकतो.

बोलताना टाळूचा मागील मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाकडील वाट बंद करतो. ङ, ञ, ण, न, म या अनुनासिकांच्या वेळी मात्र तो खाली राहतो. ही वाट नीट बंद होत नसेल तर ‘बाबा’ हा शब्द ‘मामा’सारखा ऐकू येतो व क, ट, प ही अक्षरे दुबळी पडतात. उलटपक्षी, नाकामागील अ‍ॅडेनॉइड नावाच्या गाठी वाढून वाट बुजली असेल तर ‘मामा’चेच ‘बाबा’ होते. असे मूल बहुधा तोंडाने श्वास घेते व झोपेत घोरते.

शिक्षकांस याची परीक्षा वर्गातच घेता येईल. मुलाकडून ‘पोपट पेरू खातो’ हे वाक्य एकदा सहज व एकदा नाक चिमटीत धरून म्हणवून घ्यावे. या वाक्यात एकही अनुनासिक नाही. तरीही नाक धरताच आवाज पालटला तर वारा नाकावाटे निसटत आहे असे समजावे. ‘नाना, मामा’ हे शब्द नाक धरूनही तसेच राहिले तर नाक बंद आहे. ही परीक्षा चारचौघांत घेऊ नये, हे सांगणे नलगे.

वारा निसटण्याचे प्रमुख कारण दुभंगलेली टाळू. तान्हेपणी शस्त्रक्रिया झालेल्या काही मुलांतही हा दोष उरतो. कधी वरची त्वचा शाबूत असून आतील स्नायू तेवढे जुळलेले नसतात. मग दुभंग सहसा दिसत नाही, पण पडजीभ दुभागलेली आढळू शकते. अशा मुलाच्या वाढलेल्या गाठीच वाट बंद करण्यास साहाय्य करीत असतात. त्या काढल्यास बोलणे अधिकच बिघडते. फुगे फुगविणे, शंख फुंकणे इत्यादी घरगुती व्यायामांनी ही फट भरून येत नाही. तेथे शल्यचिकित्सक व वाचातज्ज्ञ हेच हवेत.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ व टाळू यांचा समावेश आहे. तपासणीचे पथक शाळेत येईल तेव्हा वरील दोन्ही परीक्षांचे निष्कर्ष त्यांस लेखी द्यावेत. श्रवणाचीही तपासणी करवून घ्यावी. दोन्ही प्रकारच्या मुलांत मध्यकर्णात पाणी साचून ऐकू कमी येण्याचा संभव असतो, आणि श्रुतलेखनातील ज्या चुकांबद्दल मूल बोलणी खाते, त्या पुष्कळदा कानाच्या असतात. तपासणी होईपर्यंत त्यास पहिल्या ओळीत बसवावे व प्रकट वाचनाची त्याची पाळी गाळू नये.