एक वाद्य, दोन कारभारी

अमेरिकेतल्या एका चर्चने आणि एका विद्यापीठाने मिळून पाइप ऑर्गन उभारला. परभणीच्या गावागावांतल्या पेटीसाठी त्यात एक कामाची गोष्ट आहे.

परभणी जिल्ह्यात गावात हरिनाम सप्ताह बसला की टाळ-मृदंगाच्या जोडीला पेटी येते. गायक पट्टी सांगतो, "काळी दोन". वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर जातो, उजवा पट्ट्यांवर, आणि मंडळी सुरात येतात. संत जनाबाईंच्या गंगाखेडपासून जिंतूर-सेलूपर्यंत पेटी इतकी आपली झाली आहे की ती बाहेरून आली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. वारकऱ्यांची मूळ वाद्यं वीणा, टाळ आणि मृदंग. पेटी पुष्कळ नंतरची, आणि तिचं कूळ युरोपातल्या चर्चमधल्या पाइप ऑर्गनशी जाऊन भिडतं.

वाऱ्यावर चालणारं यंत्र

पाइप ऑर्गनची कल्पना फार जुनी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियस नावाच्या यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबाने हवा खेळवून नळ्या वाजवल्या होत्या. पुढे पाणी गेलं, भाते आले आणि युरोपातल्या चर्चमध्ये या वाद्याने कायमची जागा घेतली.

त्याची रचना समजायला सोपी आहे. भात्यातली हवा एका बंद पेटाऱ्यात एकसारख्या दाबाने साठते. पेटाऱ्यावर शेकडो, कधी हजारो नळ्या उभ्या असतात. पट्टी दाबली की त्या नळीखालची झडप उघडते आणि हवा आत शिरते. बहुतेक नळ्या बासरीच्याच तत्त्वावर बोलतात. काहींमध्ये पितळी जीभ असते. नळी जितकी लांब तितका सूर खाली. आठ फुटांच्या उघड्या नळीतली हवा सेकंदाला सुमारे ६५ वेळा कंप पावते, सोळा फुटांच्या नळीतली सुमारे ३३ वेळा. इतका खोल खर्ज कानाआधी छातीत जाणवतो.

भारतात हे वाद्य पोर्तुगीजांबरोबर आलं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून सोळाव्या शतकापासून पाश्चात्त्य संगीत शिकवलं जाऊ लागलं. हाजी हबीबुल्ला नावाच्या माणसाने आणलेला ऑर्गन १५८०च्या सुमारास अकबराच्या दरबारात मांडला गेला, त्याचं वर्णन इतिहासकार बदायुनीने करून ठेवलं आहे. माणसाएवढी मोठी पेटी, आत बसून वाजवणारा एक फिरंगी आणि बाहेर मोरपंखांसारख्या भागांवर बोटं ठेवणारे दोघे, असं ते दृश्य. वाद्य एक, आणि ते चालवायला माणसं तीन.

ऑर्गनची धाकटी पाती

एवढं अवजड यंत्र प्रत्येक चर्चला कसं परवडणार? पॅरिसच्या अलेक्झांडर देबेंने १८४०च्या सुमारास नळ्या काढून टाकल्या, पितळी जिभा ठेवल्या आणि हार्मोनियम घडवला. पायाने भाता मारायचा हा छोटा ऑर्गन मिशनऱ्यांच्या सामानातून भारतभर फिरला. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी बैठकीत मांडी घालून वाजवता येईल अशी हातभात्याची पेटी तयार केली.

महाराष्ट्रात या पातीच्या दोन फांद्या झाल्या. पायाचा ऑर्गन संगीत नाटकात गेला. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा हे त्रिकूट जुन्या रसिकांना आजही तोंडपाठ आहे. हातपेटी देवळात, घरात, शाळेत गेली आणि मराठी चर्चमध्येही नव्या रूपात परतली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला भजन-कीर्तनाचा देशी बाज दिला, तेव्हा त्या पदांना शोभणारी साथ पेटी-तबल्याचीच होती. आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षं पेटीला दार बंद ठेवलं, तरी लोकांनी तिला सोडलं नाही.

रोचेस्टरचा करार

न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून १९२१ साली उभं राहिलेलं ईस्टमन संगीत विद्यालय आहे. ते रोचेस्टर विद्यापीठाचा भाग. विद्यार्थ्यांना जुन्या घडणीचा ऑर्गन हवा होता. जवळच्या क्राइस्ट चर्चकडे उंच छताची, सूर घुमवणारी वास्तू होती. दोघे एकत्र आले. नमुना मात्र दूरचा निवडला. लिथुआनियातल्या विल्नियस शहरात होली घोस्ट चर्चमध्ये कास्पारिनी या कारागिराने १७७६ साली बांधलेला ऑर्गन अजून उभा आहे. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या ऑर्गन संशोधन केंद्राने त्याचा बारकाईने अभ्यास करून तसाच नवा ऑर्गन घडवला. २००८च्या ऑक्टोबरमध्ये तो क्राइस्ट चर्चमध्ये वाजू लागला. ईस्टमनमध्ये ऑर्गन शिकवणाऱ्या डेव्हिड क्रेगहेड आणि रसेल साँडर्स या दोन गुरूंचं नाव त्याला दिलं आहे.

या व्यवस्थेचं मर्म सरळ आहे. उपासनेमुळे वाद्य नेमाने वाजतं. विद्यार्थ्यांमुळे ते वाजवणारी पुढची पिढी तयार होते. चर्चकडे वास्तू, विद्यापीठाकडे हात. एकट्याने केलं असतं तर कुणाचं तरी काहीतरी कमी पडलं असतं.

परभणीची हवा आणि पेटीचा सूर

असा ऑर्गन परभणीत आणला तर? पहिली अडचण हवेची. दर हिवाळ्यात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नोंदीतला परभणीचा पारा एक आकडी झाल्याची बातमी येते, आणि उन्हाळ्यात तोच चाळिशी ओलांडतो. हवा तापली की तिच्यातून आवाज वेगाने जातो आणि नळीचा सूर चढतो. दहा अंशांवर लावलेला ऑर्गन बेचाळीस अंशांवर जवळजवळ अर्धा स्वर वर जाईल. म्हणजे पौषातल्या पहाटेची काळी एक वैशाखातल्या दुपारी पांढरी दोनच्या उंबऱ्यावर! जाड भिंतींच्या वास्तूत फरक कमी पडेल, पण पडेलच. पेटीचा सूर पितळी पातीच्या लवचीकपणावर ठरतो, हवेच्या तापमानावर नाही. म्हणून आपल्या हवेत पेटी टिकली.

पेटीचा खरा शत्रू वेगळा आहे. ती बंद राहिली की बिघडते. भात्याची घडी कुरतडायला उंदीर टपलेले असतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. पितळी पाती आणि तिच्या खाचेत केसाएवढी फट असते. तिथे धुळीचा एक कण अडकला की तो सूर मुका होतो. रोज वाजणाऱ्या पेटीत असा दोष त्याच दिवशी कळतो. सप्ताहापुरत्या उघडणाऱ्या पेटीत तो वर्षभर मुरतो, आणि ऐन कीर्तनाच्या दिवशी भाता फुसफुसतो.

नाटकाच्या ऑर्गनचं हेच झालं. कंपन्या बसल्या तसा त्याचा रोजचा वापर संपला, वाजवणारे कमी झाले, आणि आज पायाचा ऑर्गन जाणकारीने वाजवणारे कलावंत मोजकेच उरले आहेत. पेटी वाचली, कारण तिला एकच घर नव्हतं.

हे पुढेही चालायचं तर रोचेस्टरचा धडा इथे बिनखर्चात गिरवता येईल. गावोगावी देवळात, चर्चमध्ये, भजनी मंडळाकडे पेटी आहे. शेजारच्या शाळेत मुलं आहेत आणि बहुतेक शाळांत संगीताला शिक्षक नाही. मंडळातल्या जाणत्या पेटीवाल्याने आठवड्यातून दोन दिवस शाळेत यावं, पेटी शाळेत वाजावी आणि सणावाराला देवळात परत जावी. दुरुस्तीचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा आणि पेटी कुणाकडे, किती दिवस, हे एका वहीत लिहून ठेवावं. यासाठी ना इमारत लागते, ना अनुदान. सरपंच, मुख्याध्यापक आणि मंडळाचे बुवा एकदा एकत्र बसले तरी पुरे. शाळेत हात बसलेलं एखादं पोर पुढच्या सप्ताहात साथीला बसलं, तर त्या पेटीला पुढची चाळीस वर्षं वाजवणारा मिळाला.