श्वासावाटे इन्शुलिन

पचनसंस्थेचा किंवा अंतःस्रावी ग्रंथींचा धडा शिकवताना मधुमेहाचा विषय निघतोच. मग एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, इन्शुलिन टोचूनच का घ्यायचं? गोळी का नसते?" त्या मुलाच्या घरी कोणीतरी रोज सुई टोचून घेत असते. म्हणून हा प्रश्न पुस्तकातला नसतो, घरातला असतो. आता त्याला एक जोडप्रश्नही येऊ लागला आहे : "श्वासातून घ्यायचं इन्शुलिन निघालंय म्हणे. ते आजीला चालेल का?"

डिसेंबर २०२४ मध्ये भारताच्या औषध नियंत्रण यंत्रणेने प्रौढांसाठी अशा इन्शुलिनला मान्यता दिली. अमेरिकेत त्याला २०१४ मध्येच मान्यता मिळाली होती. तेव्हा हे औषध कसे काम करते, कोणाला चालते आणि कोणाला मुळीच चालत नाही, हे शिक्षकांना माहीत असणे बरे. त्यातले बहुतेक विज्ञान आपल्या आठवी ते दहावीच्या पुस्तकांतच आहे.

गोळी का नाही?

इन्शुलिन हे प्रथिन आहे. ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या (एक २१ ची, दुसरी ३० ची) एकमेकींना जोडून त्याचा रेणू बनतो. जठरात गेलेल्या प्रथिनाचे काय होते, हे आपण मुलांना शिकवतोच. डाळीतले प्रथिन असो की इन्शुलिन, पेप्सिन आणि पुढची विकरे भेदभाव करत नाहीत. ती त्याचे तुकडे करतात. तुकडे झालेले इन्शुलिन म्हणजे तुकडे झालेली किल्ली, तिने कुलूप उघडत नाही.

म्हणून सुई आली. कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांच्या प्रयत्नांतून १९२१-२२ मध्ये इन्शुलिन हाती आले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्यानंतर काही वर्षांतच ते श्वासावाटे देता येईल का, याचेही प्रयोग सुरू झाले. पण कल्पना सुचणे आणि ती साधणे यांत मोठे अंतर असते. हे अंतर कापायला या बाबतीत ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

फुफ्फुसच का?

फुफ्फुसांत काही कोटी वायुकोश असतात. ते सारे उलगडून पसरले, तर त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर भरेल. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. म्हणजे त्याची एक बाजू ६५ चौरस मीटरची झाली. आपल्या छातीत कबड्डीच्या मैदानाची एक अख्खी बाजू घडी घालून ठेवली आहे, असे सांगितले की मुलांना ते पटकन कळते.

या मैदानाची जमीनही फार पातळ आहे. वायुकोशातील हवा आणि केशवाहिनीतील रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शिवाय जठरात असतात तशी प्रथिनांचा फडशा पाडणारी विकरे येथे नसतात. मोठे क्षेत्रफळ, पातळ पडदा आणि भरपूर रक्तपुरवठा या तीन गोष्टी प्राणवायूसाठी सोयीच्या आहेत. त्याच इन्शुलिनलाही उपयोगी पडतात.

अडचण आहे ती तेथपर्यंत पोहोचण्याची. नाक, घसा आणि श्वासनलिकेच्या फांद्या ही धूळ अडवणारी चाळणीच आहे. ५ मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतांशी घशात आणि मोठ्या नलिकांच्या वळणांवर आदळतात. फार बारीक, १ मायक्रॉनहून लहान कण आत जातात खरे, पण त्यांतले पुष्कळसे खाली न बसता उच्छ्वासाबरोबर परत येतात. इन्शुलिनच्या भुकटीचे कण यांच्या मधले, म्हणजे साधारण २ ते ३ मायक्रॉनचे असावे लागतात.

येथे एक गणित वर्गात करून घेण्यासारखे आहे. शांत हवेत गोल कणाचा खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉन व्यासाचा कण सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर खाली येतो. मग ३ मीटर उंच छतापासून जमिनीवर यायला त्याला सुमारे १७ मिनिटे लागतील. व्यास २ मायक्रॉन केला, तर वेग पंचविसाव्या भागावर येईल आणि त्याच प्रवासाला सुमारे सात तास लागतील! खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी धूळ दाखवून हे गणित घातले की ते नीरस वाटत नाही. (डस्टर मात्र झटकू नका. वर्गात दम्याचे मूल असू शकते.)

दोन प्रयत्न, दोन निकाल

श्वासावाटे घ्यायचे पहिले इन्शुलिन बाजारात आले ते २००६ मध्ये. त्याचे नाव एक्झुबेरा आणि ते आणले फायझर कंपनीने. त्याचे यंत्र भले मोठे होते, टेनिसच्या चेंडूंच्या डब्याएवढे. चारचौघांत ते काढून तोंडाला लावणे सुईपेक्षाही अवघड वाटे. खप झाला नाही आणि ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने ते विकणे थांबवल्याचे जाहीर केले. औषध काम करत होते, तरीही ते टिकले नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

दुसरे म्हणजे मॅनकाइंड कंपनीचे अफ्रेझा. त्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २७ जून २०१४ रोजी मान्यता दिली. त्याचे यंत्र तळहातात मावते. खरी युक्ती त्याच्या भुकटीत आहे. फ्युमॅरिल डायकिटोपायपरॅझिन नावाच्या पदार्थाचे रेणू आम्लधर्मी द्रावणात आपोआप जुळून सूक्ष्म कण बनवतात. या कणांवर इन्शुलिन बसवतात आणि ते सुकवतात. फुफ्फुसाच्या आतला ओलावा आम्लधर्मी नसतो, जवळजवळ उदासीन असतो. तेथे पोहोचताच कण विरघळतो आणि इन्शुलिन मोकळे होते. आम्ल, आम्लारी आणि पीएच मूल्याचा धडा शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

वेगाचा फायदा

टाइप दोनच्या मधुमेहात शरीराच्या पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत आणि स्वादुपिंडही हळूहळू थकते. निरोगी माणसात जेवण सुरू होताच इन्शुलिनचा एक झटपट लोंढा रक्तात येतो. यकृताला जणू निरोप मिळतो, 'बाहेरून साखर येते आहे, तू आता तुझी सोडू नकोस.' टाइप दोनमध्ये हा पहिला लोंढा लवकर नाहीसा होतो आणि जेवणानंतरची साखर उंच उडी घेते.

त्वचेखाली टोचलेल्या इन्शुलिनला रक्तात शिरायला वेळ लागतो. श्वासावाटे घेतलेले मात्र साधारण १२ मिनिटांत साखरेवर परिणाम दाखवू लागते. सुमारे ३५ ते ४५ मिनिटांत तो परिणाम सर्वांत जास्त असतो आणि नेहमीच्या मात्रांमध्ये दीड ते तीन तासांत संपतो. म्हणून ते जेवायला बसतानाच घ्यायचे असते. लवकर सुरू आणि लवकर संपणारे, असा त्याचा स्वभाव आहे. पण यातूनच त्याची मर्यादाही कळते. रात्रभर आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळेला ते पुरत नाही. टाइप एकच्या रुग्णाला दिवसभर पुरणारे इन्शुलिन टोचून घ्यावेच लागते. टाइप दोनच्या रुग्णाला त्याची गरज आहे की गोळ्यांवर भागेल, हे डॉक्टर ठरवतात.

उपयोग किती? चाचणी काय सांगते?

टाइप दोनच्या ३५३ रुग्णांवर २४ आठवड्यांची एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांच्या गोळ्या चालूच होत्या. निम्म्यांना इन्शुलिनची भुकटी दिली, तर निम्म्यांना इन्शुलिन नसलेली तशीच भुकटी. दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ही तपासणी आता बहुतेकांना ठाऊक आहे. ती पहिल्या गटात सुमारे ०.८ ने कमी झाली. दुसऱ्या गटातही ती ०.४ ने कमी झाली! इन्शुलिन न मिळताच ती कशी उतरली? चाचणीत असलेला माणूस जेवण सांभाळतो, साखर वारंवार मोजतो, डॉक्टरांना नियमित भेटतो. म्हणून औषधाचे खरे श्रेय ०.८ नव्हे, ०.४ एवढेच. तुलनेचा गट कशासाठी ठेवायचा, हे मुलांना सांगायला हे उदाहरण उत्तम आहे.

खोकल्याचेही तसेच. टाइप दोनच्या चाचण्यांत हे इन्शुलिन घेणाऱ्या सुमारे २६ टक्के रुग्णांना खोकला आला. नुसती भुकटी घेणाऱ्यांतही तो सुमारे २० टक्के लोकांना आला. म्हणजे खोकल्याचा बराचसा दोष इन्शुलिनकडे नसून कोरड्या भुकटीकडे आहे.

आधी फुंकर, मग झुरका

आता महत्त्वाचा भाग. हे औषध सुरू करण्याआधी फुफ्फुसांची तपासणी करावीच लागते. रुग्णाने खोल श्वास घेऊन नळीत जोराने फुंकायचे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्र मोजते. या मापाला एफईव्ही-१ म्हणतात. हीच तपासणी सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करतात. चाचण्यांत हे इन्शुलिन घेणाऱ्यांचे हे माप इतरांपेक्षा सरासरी ४० मिलिलिटरने, म्हणजे चहाच्या आठ चमच्यांइतके, जास्त घटले. ही घट पहिल्या तीन महिन्यांत दिसली आणि दोन वर्षांपर्यंत तशीच राहिली.

दमा किंवा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असलेल्यांनी हे इन्शुलिन घ्यायचे नाही. त्यांच्या श्वासनलिका एकाएकी आवळल्या जाऊ शकतात. चाचण्यांतील दमा असलेल्या १७ जणांपैकी ५ जणांना असा त्रास झाला. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणि ती सोडून सहा महिने न झालेल्यांनाही ते देऊ नये, असे सांगितले आहे.

आपल्याकडे याचा एक वेगळा अर्थ होतो. सीओपीडी हा फक्त विडी ओढणाऱ्यांचा आजार नाही. आयुष्यभर चुलीपुढे बसून लाकूड आणि गोवऱ्यांचा धूर घेतलेल्या बायकांनाही तो होतो. 'वयामुळे धाप लागते' असे म्हणून त्या गप्प बसतात. अशा आजीला सुई नको म्हणून कोणी हौसेने हे औषध आणून दिले, तर भले होण्याऐवजी वाईट होईल. तपासणीवाचून ते सुरू करायचे नाही, याचे कारण हेच.

सुरुवात कशी करतात?

भुकटी ४, ८ आणि १२ एककांच्या बंद कुप्यांमध्ये येते. पूर्वी कधीच इन्शुलिन न घेतलेल्या रुग्णाला सहसा प्रत्येक जेवणाला ४ एककांपासून सुरुवात करतात. पुढची वाढ साखर मोजून डॉक्टर करतात. कुपी अर्धी करता येत नाही, त्यामुळे मात्रा चारच्या पटीतच बदलते.

४ एककांच्या कुपीत ०.३५ मिलिग्रॅम इन्शुलिन असते. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम साखरेच्या चौदा हजाराव्या भागाएवढे! टोचायच्या ४ एककांत मात्र सुमारे ०.१४ मिलिग्रॅमच असते. हा फरक का? श्वासावाटे दिलेले सगळेच रक्तात पोहोचत नाही, म्हणून कुपीत जास्त भरावे लागते. दोन्हींवर आकडा एकच छापलेला असला, तरी परिणाम तंतोतंत सारखा असतो असे नाही. म्हणून सुईवरून इकडे येताना आपल्या मनाने हिशेब करू नये.

कुपी यंत्रात बसवल्यावर यंत्र आडवे, सपाट धरायचे. ते उलटे झाले किंवा हलवले गेले, तर भुकटी सांडते आणि कुपी बदलावी लागते. आधी पूर्ण श्वास सोडायचा, ओठ मिटून तोंडाने खोल श्वास ओढायचा आणि जमेल तेवढा वेळ रोखून धरायचा. कुप्यांचे पाकीट शीतकपाटात ठेवतात. न उघडलेले पाकीट खोलीच्या तापमानाला १० दिवस आणि उघडलेली पट्टी ३ दिवस चालते. यंत्र १५ दिवसांनी बदलायचे असते. येथे खोलीचे तापमान म्हणजे २५ अंश सेल्सियसच्या आसपास. मे महिन्यातल्या नागपूर-जळगावची खोली नव्हे!

साखर एकदम उतरण्याचा धोका या इन्शुलिनलाही आहे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे घरातल्या सर्वांना माहीत हवीत आणि साखर किंवा ग्लुकोज हाताशी हवे. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजणेही चुकत नाही. म्हणजे सुई पूर्ण सुटली, असे झालेच नाही.

तरीही सुईच्या धास्तीने टाइप दोनचे कितीतरी रुग्ण इन्शुलिन सुरू करणे पुढे ढकलत राहतात आणि तोवर डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा यांवर परिणाम होऊन जातो. अशांपैकी ज्यांची फुफ्फुसे धडधाकट आहेत, त्यांना हा एक जास्तीचा पर्याय आहे. वर्गातल्या त्या मुलाला मग असे उत्तर देता येईल : "आजीला चालेल की नाही, ते आजीचा श्वास मोजल्यावर कळेल. आधी डॉक्टरांना सांग, की आजी पूर्वी चुलीवर स्वयंपाक करायची."