शिक्का आणि धार

इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या सुरी कारागिरांनी हॅरी ब्रेअर्लीला एक टोपणनाव दिलं होतं: न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा माणूस. नाव बोचरं होतं, आणि काही काळ ते खरंही होतं.

ब्रेअर्ली पोलाद वितळवणाऱ्या मजुराचा मुलगा. शाळा लवकर सुटली आणि पोरवयात तो कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागला. पुढे ब्राऊन-फर्थ या नामांकित प्रयोगशाळेचा तो प्रमुख झाला. १९१२ साली त्याच्याकडे आलेलं काम सुऱ्यांचं नव्हतंच. रायफलच्या नळ्या आतून झिजत होत्या, त्यावर उपाय हवा होता. क्रोमियमचं प्रमाण कमीजास्त करत तो पोलादाचे घाणे काढत गेला. १३ ऑगस्ट १९१३ रोजी ओतलेल्या घाण्यात क्रोमियम सुमारे १२.८ टक्के होतं आणि कार्बन ०.२४ टक्के. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तर आधी त्यावर आम्ल चढवावं लागतं. या नमुन्यावर आम्ल चढेना. बंदुका बाजूला राहिल्या आणि ब्रेअर्लीच्या डोक्यात सुऱ्या आल्या. लिंबू, व्हिनेगर आणि कांदा यांनी काळी न पडणारी पोलादी सुरी त्या काळी कोणाच्याच घरात नव्हती.

त्याने हे स्टेनलेस पोलाद सुरी कारागिरांकडे पाठवलं. उत्तर आलं की हे सुरीच्या कामाचं नाही. कारागिरांची हयात साध्या कार्बन पोलादावर गेली होती. ते पोलाद ८०० अंशांच्या आसपास लालबुंद झालं की विझवायचं, हे त्यांना रंगावरून कळे. नवं पोलाद त्याच रंगावर विझवलं तर मऊच राही. त्याला हजार अंशांच्याही वर न्यावं लागे, आणि तेवढ्या तापावर साधं पोलाद जळून वाया जातं, हे त्यांच्या बापजाद्यांनी शिकवलेलं. म्हणून ते भट्टी तिथवर नेत नव्हते. अर्नेस्ट स्टुअर्ट नावाच्या एका सुरी कारखान्याच्या व्यवस्थापकाने प्रयत्न सोडले नाहीत, तरी त्याची पहिली पाती जमली नाहीत. ब्रेअर्ली स्वतः भट्टीपाशी येऊन उभा राहिला तेव्हा ती जमली.

वाईट सुरीबद्दल जे काही सांगायचं ते बहुतेक सगळं या प्रसंगात आलेलं आहे. धातू तोच, आकार तोच आणि चकाकीही तीच असते. फरक असतो भट्टीतल्या काही मिनिटांचा, आणि तो फरक गिऱ्हाइकाला दुकानात दिसत नाही.

आमच्या घरी एकदा आहेरात लाकडी ठोकळ्यात खोचलेला सुऱ्यांचा संच आला होता. दिसायला देखणा. पहिल्या आठवड्यात टोमॅटो सुरेख चिरले गेले, कारण कारखान्याची धार ताजी होती. महिन्याभरात टोमॅटोची साल दबायला लागली, मग फाटायला लागली आणि शेवटी रस ओट्यावर. धार लावली की दोन दिवस बरं चाले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यातल्या मोठ्या सुरीची मूठ दुधी कापताना ढिली झाली. आत पाहिलं तर पात्याची जेमतेम दोन बोटं लांबीची शेपटी पोकळ प्लास्टिकमध्ये डिंकावर तग धरून होती. अशा सुरीला दोष द्यावा तर तो चकचकीत डब्याला द्यावा. सुरी बिचारी जे होती तेच होती.

मऊ पोलादाला धार लागते, पण टिकत नाही. धारेची कड इतकी बारीक असते की थोड्या दाबानेही ती एका बाजूला वळते, आणि मऊ धातू वळला की परत सरळ येत नाही. धातूचा कडकपणा मोजायला रॉकवेल नावाचं माप आहे. एक अणकुचीदार हिरा ठरलेल्या वजनाने धातूत दाबायचा आणि तो किती खोल गेला ते पाहायचं. चांगल्या जर्मन घडणीची स्वयंपाकाची सुरी या मापावर साधारण ५४ ते ५८ भरते, जपानी सुऱ्या ६०च्या पुढे जातात. बाजारातल्या अनेक स्वस्त सुऱ्या पन्नाशीच्या आसपास घुटमळतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे भांड्यांच्या पत्र्यातून कापलेली पाती. वाट्या आणि डबे ज्या स्टेनलेसचे होतात ते तापवून विझवलं तरी कडक होतच नाही, त्याची जातच वेगळी. ते ओळखायला फ्रीजवरचं लोहचुंबक पुरतं. पात्याचं पोलाद चुंबकाला धरतं, भांड्यांचं स्टेनलेस सहसा धरत नाही. पण चुंबक चिकटलं म्हणून सुरी चांगली ठरत नाही. चुंबक जात सांगतं, भट्टी कशी लागली ते सांगत नाही.

मग गिऱ्हाइकाने विश्वास कशावर ठेवायचा? जगभर याचं उत्तर एकच निघालं: शिक्क्यावर. आणि शिक्क्याचा इतिहास म्हणजे पुष्कळसा बनावट शिक्क्यांचाच इतिहास.

शेफिल्डच्या सुरीवाल्यांची कंपनी १६२४ साली इंग्लंडच्या संसदेच्या कायद्याने उभी राहिली. प्रत्येक कारागिराची खूण नोंदवायची आणि दुसऱ्याची खूण वापरणाऱ्याला पकडायचं, हे तिचं मोठं काम. जोसेफ रॉजर्स या घराण्याची तारा आणि माल्टी क्रूस ही खूण जगभर गेली. हिंदुस्थानासह पूर्वेकडच्या बाजारांत तिला मोठा मान होता, आणि मान होता म्हणूनच नकलाही होत्या. नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे, ताऱ्याच्या जागी दुसरीच एखादी नक्षी, की माल खपला. ज्यांना उल्हासनगरात बनलेल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ छापल्याचा किस्सा आठवतो, त्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही.

सर्वात मोठी चोरी झाली ती गावाच्या नावाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या झोलिंगेनच्या काही उत्पादकांनी ओतीव लोखंडाच्या स्वस्त सुऱ्या-कात्र्यांवर ‘शेफिल्ड’ असं ठोकून त्या विकायला सुरुवात केली. ओतीव लोखंडात कार्बन इतका असतो की ते ठिसूळ होतं. वाकण्याऐवजी तुटतं. गिऱ्हाईक मात्र शिव्या शेफिल्डला घाली. शेफिल्डमधल्या काही व्यापाऱ्यांचे हातही यात स्वच्छ नव्हते. जर्मन पाती आणून त्यांवर आपला शिक्का मारणारे तिथेही होते, आणि आपल्या गावचं नाव बुडतंय म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांच्या शेजारीच त्यांची दुकानं होती. अखेर १८८७ साली ब्रिटिश संसदेने व्यापारी चिन्हांचा कायदा केला. परदेशी मालावर ब्रिटिश वाटेल असं नाव असेल, तर तो कुठला आहे हे लिहिणं भाग पडलं. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरं अशी जन्माला आली: इशारा म्हणून, जवळजवळ गुन्हेगाराच्या कपाळावर डाग द्यावा तशी.

आपला माल वाईट असल्याचं ऐकण्याची जर्मनांना सवय होतीच. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात जर्मनीचे प्रतिनिधी म्हणून गेलेले अभियंते फ्रान्झ रूलो यांनी तिथून मायदेशी पाठवलेल्या पत्रांत आपल्याच देशाच्या मालाला स्वस्त आणि वाईट म्हटलं. देशात खळबळ उडाली, त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली. पण नंतरच्या वर्षांत जर्मन माल सुधारत गेला. १८९६ साली अर्नेस्ट विल्यम्स यांनी ‘मेड इन जर्मनी’ याच नावाचं पुस्तक लिहिलं, तोवर इंग्रजांची धास्ती पालटली होती. आता भीती जर्मन माल चांगला असण्याची होती. पुढे झोलिंगेनवरही तीच पाळी आली आणि त्याचं नाव लोक चोरू लागले. १९३८ साली त्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. १९९४च्या नियमानुसार सुरीच्या घडणीचे महत्त्वाचे टप्पे झोलिंगेन परिसरातच झाले असतील तरच तिच्यावर ते नाव घालता येतं. एका शतकात चोर सावकार झाला. मला यात जर्मनांची थट्टा करण्यासारखं काही दिसत नाही. रूलोंसारखं घरातल्या घरात बोलणारं माणूस सगळ्यांनाच मिळत नाही.

आज आपल्या बाजारात डब्यावर ‘जर्मन पोलाद’ लिहिलेलं असतं. या दोन शब्दांनी फार काही कळत नाही. पात्यावर कधी कधी एक्स-५०-सीआर-एमओ-व्ही-१५ अशी लांबलचक अक्षरं असतात. ती जास्त प्रामाणिक म्हणायची: सुमारे अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम, थोडं मॉलिब्डेनम, थोडं व्हॅनेडियम. ही कृती जर्मनीची, पण असं पोलाद कोणीही विकत घेऊ शकतो आणि कोणीही बिघडवू शकतो. रॉकवेलचा आकडा मात्र स्वस्त सुरीच्या डब्यावर माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

दुसरी फसवणूक नक्षीची. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली की विक्रेता ‘दमास्कस’ म्हणतो. या नावाच्या मागे जे खरं पोलाद होतं ते आपल्याकडचं. तेलंगण, म्हैसूर आणि सेलम या भागांत मुशीत वितळवून, हळूहळू थंड करून ते बनवत. कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले, आणि १७९५ साली जॉर्ज पिअरसन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. शीर्षकातच हे पोलाद मुंबईत बनतं असं म्हटलं होतं. मुंबई त्याचं बंदर असावी, माहेर नव्हे. लंडनच्या लोहारांना ते ठोकणं जड गेलं. जास्त तापवलं की घणाखाली ते चक्काचूर होई, कारण इतका कार्बन असलेलं पोलाद कमी तापावर धीराने ठोकावं लागतं. ब्रेअर्लीचं पोलाद भट्टी कमी पडल्याने फसलं, तर हे जास्त झाल्याने. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुरीकाराला मात्र ते जमलं आणि त्याने त्याची तोंडभर स्तुती केली. पुढे त्याने मायकेल फॅरेडेला बरोबर घेऊन पोलादाच्या मिश्रणांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. विजेमुळे जगाला माहीत असलेला फॅरेडे काही काळ सुरीच्या पोलादात बुडालेला होता.

आज ‘दमास्कस’ या नावाने मिळतं ते बहुधा दोन वेगळी पोलादं एकावर एक ठेवून, ठोकून, घडी घालून केलेलं पातं असतं. तेही चांगलं असू शकतं, मेहनतीचं तर नक्कीच असतं. पण स्वस्तातल्या पात्यावरची नक्षी नुसती वरवर कोरलेली किंवा छापलेली असते. खऱ्या थरांची नक्षी घासून गेली तरी पुन्हा आम्ल चढवलं की वर येते. छापलेली एकदा गेली की गेली.

आता आपल्या ओट्याकडे येऊ. विळीची तक्रार क्वचित ऐकू येते, आणि याचं कारण फक्त तिच्या पात्यात नाही. विळीवर भाजी दोन्ही हातांनी धारेवर ढकलली जाते आणि धार हवेतच राहते, कशावरही आपटत नाही. आपण खाली बसणं सोडून उभे राहिलो, विळीच्या जागी सुरी आली. पण सुरीबरोबर लाकडी पाट यायला हवा होता, तो बऱ्याच घरांत आलाच नाही. कांदा स्टीलच्या ताटलीत चिरला जातो, काकडी ग्रॅनाइटच्या ओट्यावर. ग्रॅनाइटमधले स्फटिक पोलादापेक्षा कडक असतात. महागातली महाग सुरीसुद्धा त्यावर महिनाभर टिकणार नाही. तेव्हा वाईट सुरीच्या तक्रारींतल्या काही खरं तर ताटलीच्या तक्रारी असतात. काचेचे चॉपिंग बोर्ड कोण विकत घेतं हे मला न सुटलेलं कोडं आहे.

गावच्या लोहाराकडे किंवा फिरत्या घिसाड्याकडे घडवलेल्या पात्यांचं गणित निराळं. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यांचं पोलाद त्यांना आवडतं. त्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो आणि ते पाणी चांगलं घेतं. ते गंजतं, कैरी कापली की काळं पडतं, पुसून ठेवावं लागतं. पण तिथे एक गोष्ट होते जी दुकानात होत नाही: लोहार विचारतो, कशाला पाहिजे? ऊसतोडीचा कोयता तो इतकाच कडक ठेवतो की फडात कानशीने धार लागावी. त्याहून कडक केला तर कानस घसरेल, आणि टणक बुंध्यावर पातं झडेल. जपानी सुरीची कथा याच्या उलट. साठच्या पुढचं पोलाद मासा कागदासारखा पातळ कापतं, पण तिने नारळ फोडायला गेलात किंवा गोठलेलं मटण तोडायला गेलात तर धारेचे तुकडे पडतात. अशी सुरी परदेशातून आणून आठवड्यात तिला दात पाडून घेणारी मंडळी आहेत, आणि ती सुरीलाच वाईट म्हणतात.

शेफिल्डमध्ये सुरी उद्योगाची एक संशोधन संस्था आहे, काट्रा. तिथे धार तपासायला यंत्र आहे. वाळूचे बारीक कण मिसळलेल्या खास कागदाच्या गठ्ठ्यावर पातं ठरलेल्या वजनाने मागेपुढे फिरवतात आणि प्रत्येक फेरीला किती कागद कापला ते मोजतात. पहिल्या काही फेऱ्या धार सांगतात, नंतरच्या फेऱ्या ती किती टिकते ते. याच पद्धतीवर आंतरराष्ट्रीय मानक बेतलेलं आहे, आयएसओ ८४४२चा पाचवा भाग. घरी असं यंत्र नसतं, पण पिकलेला टोमॅटो असतो. नवी सुरी पहिल्या दिवशी टोमॅटोवर चालवून काही कळत नाही. महिन्याने, मधे धार न लावता चालवून पाहावी. दुकानदार तोवर थांबत नाही हा भाग वेगळा.

आणि धार लावायची तर कशी, यावर सुरीचं उरलेलं आयुष्य ठरतं. सायकलवर दगड फिरवत येणारा धारवाला हुशार असेल तर पातं क्षणभर टेकवून उचलतो, मधूनमधून पाण्यात बुडवतो. घाईतला असेल तर ठिणग्यांचा वर्षाव करतो. पोरं बघत उभी राहतात. साधं पोलाद असेल तर धारेवर आधी पिवळसर छटा येते, मग तपकिरी, जांभळी आणि शेवटी निळी. निळा रंग म्हणजे कड ३०० अंशांच्या आसपास तापली आणि भट्टीत मिळवलेला कडकपणा तिथे गेला. मग तेवढी निळी पट्टी थंड दगडावर घासून काढेपर्यंत त्या जागी कितीही धार लावा, ती राहणार नाही. दोन फटींतून सुरी ओढायची प्लास्टिकची खेळणी मिळतात, ती तापवत नाहीत, पण दर ओढीला धातू ओरबाडून काढतात. त्यापेक्षा लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीची बुडाशी असलेली खरखरीत, चकाकी नसलेली कड बरी. पातं तिरपं धरायचं, हलक्या हाताने दोन्ही बाजू चार-सहा वेळा फिरवायच्या. बरणी तेवढी रिकामी असावी.