मतपेटी होती, पक्षही पाच होते

सर्वंकष सत्ता म्हणजे जरा जास्त कडक हुकूमशाही, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. साध्या हुकूमशहाला लोक राजकारणापासून लांब राहिले की पुरतं. सर्वंकष सत्तेचं तेवढ्यावर भागत नाही. तिला हजेरी लागते, टाळ्या लागतात, शाळा, कामगार संघटना आणि क्रीडामंडळंही एकाच विचाराच्या दावणीला लागतात. राज्यशास्त्रज्ञ हुआन लिंझ यांनी १९६४ मध्ये फ्रँकोच्या स्पेनवर लिहिताना हा फरक मांडला. १९६१ पर्यंत गोव्यावर राज्य करणारी पोर्तुगालच्या सालाझारची राजवटही बहुतेक अभ्यासक नुसत्या हुकूमशाहीतच धरतात. अर्थात पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात डांबलेल्या गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिक त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हांना या वर्गवारीचा काय उपयोग!

अशा राज्यात निवडणुका नसतात, पक्ष एकच असतो, असंही समजलं जातं. पूर्व जर्मनीत सत्ताधारी पक्षाखेरीज आणखी चार पक्ष होते, त्यात ख्रिश्चन डेमोक्रॅट होते, लिबरलही होते. फक्त संसदेतल्या जागा मतदानाआधीच वाटून झालेल्या असत. सगळ्यांची मिळून एकच यादी. मतदाराने तो कागद घ्यायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा. लोक मतदानाला ‘घडी घालायला जाणं’च म्हणत. आडोसा ठेवलेला असे, पण त्याच्यामागे जाणारा संशयास्पद ठरे. राज्यघटनेचंही तेच. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या घटनेत भाषण, सभा, वृत्तपत्र अशी सगळी स्वातंत्र्यं लिहिलेली होती. तरीही तिथे १९३७-३८ या दोन वर्षांत, सरकारी नोंदींनुसारच, ६ लाख ८० हजारांहून अधिक माणसांना ठार केलं गेलं.

सर्वंकष सत्ता ही डाव्यांचीच किंवा उजव्यांचीच करणी, हा वाद विचारवंत हाना आरेंट यांनी १९५१ मध्येच हिटलर आणि स्टालिन यांना एका ग्रंथात शेजारी बसवून निकालात काढला.

आणि सगळं काम गणवेशातले पोलीस करतात, हेही खरं नाही. सुमारे १ कोटी ६० लाख लोकवस्तीच्या पूर्व जर्मनीत १९८९ मध्ये ‘श्टाझी’ या गुप्त पोलीस खात्याचे ९१ हजार पगारी नोकर होते. खबरे त्याच्या जवळपास दुप्पट. खबरे म्हणजे शेजारी, सहकारी, पाद्री. १९९२ मध्ये फायली लोकांना खुल्या झाल्या, तेव्हा एका विरोधी कार्यकर्तीला कळलं की तिच्यावर पाळत ठेवणारा तिचा नवराच होता.

एवढी यंत्रणा असली की सत्ता अभेद्य, असं वाटतं. पण पूर्व जर्मनीतल्याच ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत काही नागरिक मतमोजणी पाहायला केंद्रांवर थांबले. कायद्याने तशी मुभा होती, पण तोवर ती कोणी फारशी वापरली नव्हती. त्यांनी टिपलेली विरोधी मतं जाहीर आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त भरली. सरकारने सांगितला तो निकाल यादीच्या बाजूने ९८.८५ टक्के. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली आणि या हेराफेरीबद्दल ड्रेस्डेनचे तेव्हाचे पक्षप्रमुख हान्स मोड्रो पुढे न्यायालयात दोषी ठरले.