गंजलेल्या बोल्टला जोर नको, वेळ द्या

वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५मध्ये १० हजार रुपये झालं आणि जुन्या गाड्यांच्या मालकांची घरोघरी एकच चर्चा सुरू झाली: ठेवायची की भंगारात द्यायची? मार्च २०२२पर्यंत हेच काम ६०० रुपयांत होत होतं. मग ५ हजार झाले, आता त्याच्या दुप्पट. ज्यांच्या दारात २००५च्या आधीची मारुती ८००, झेन, सँट्रो किंवा इंडिका उभी आहे, त्यांच्या दृष्टीने हा आकडा लहान नाही.

तरीही माझं स्पष्ट मत आहे की यातल्या बऱ्याच गाड्या या शुल्कामुळे भंगारात जाणार नाहीत. त्या जातील तपासणीआधीच्या दुरुस्तीच्या खर्चाला घाबरून. इंजिन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. फुटलेला सायलेन्सर, न पकडणारा हँडब्रेक, खडखडणारा शॉकअब्सॉर्बर अशीच कामं निघतात. त्यांचे सुटे भाग बाजारात मिळतात आणि फार महागही नसतात. मेकॅनिकचा दिवस जातो जुना भाग सोडवण्यात, कारण त्याचे बोल्ट गंजून बसलेले असतात. हे सोडवण्याचं काम शिकून घेतलं, तर त्यातला बराचसा भाग घरच्या अंगणात होऊ शकतो.

बोल्ट अडकतो कसा, हे आधी पाहू. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये जागा असते मिलिमीटरच्या काही शतांशांची. तिथे हा फुगलेला गंज भरला की आटे एकमेकांत जखडतात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात हे लवकर घडतं, कारण खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि क्लोराइडमुळे गंजाचा वेग वाढतो. पुण्या-नागपूरच्या गाड्यांनाही सायलेन्सरचे बोल्ट सोडत नाहीत. तिथे रोजची धग आणि पावसाळ्यातला चिखल मिळून तेच काम करतात.

पहिला उपाय सगळ्यांना ठाऊक आहे, निळा-पिवळा डबा. पण डब्ल्यूडी-४० मुळात गंजलेले बोल्ट सोडवायला बनलेलं नाही. १९५३मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीने ते पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी तयार केलं. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्यावर त्याचा वापर झाला. नावातला ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. त्याचा उपयोग होतो, पण खास गंज सोडवण्यासाठी मिळणारं पातळ तेल अधिक खोल जातं. आपल्या गॅरेजांत डिझेल वापरतात, तेही वेळ दिला तर मुरतं. कोणतंही तेल मारण्याआधी बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ घासा, नाहीतर ते वरच्या मातीतच जिरतं. संध्याकाळी मारा, रात्री पुन्हा मारा, सकाळी पाना लावा.

आता या विषयातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा माणूस. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्याला पडलेला प्रश्न आपल्या उलट होता: घट्ट आवळलेले बोल्ट चालत्या यंत्रात आपोआप सैल का होतात? त्याने एक यंत्र उभारलं. त्यात बोल्टने आवळलेली पट्टी आडवी, मागेपुढे हलायची आणि त्याच वेळी बोल्टचा ताण मोजला जायचा. अशा आडव्या हालचालीत ताण झपाट्याने उतरतो आणि हात न लावता बोल्ट फिरू लागतो, हे त्याने दाखवून दिलं. आजही बोल्टची अशी परीक्षा त्याच्या नावाने ओळखली जाते.

त्याचं स्पष्टीकरण साधं आहे. दोन पृष्ठभाग एका दिशेने घसरू लागले की दुसऱ्या दिशेचं घर्षणही जवळपास संपतं. जमिनीत रुतलेला खुंटा आपण सरळ वर ओढत नाही, आधी चहूबाजूंनी हलवतो, त्यातलं शास्त्र हेच. आणि बोल्टमध्ये घर्षणच सर्वस्व आहे. आवळताना आपण लावलेल्या जोरातला सुमारे ९० टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, बोल्ट ताणण्यासाठी उरतो जेमतेम दहावा हिस्सा. गंजाने हे घर्षण वाढतं. त्याच्याशी पान्याला लांब पाईप लावून झुंजलं, तर पीळ बसतो तो बोल्टच्या गाभ्याला आणि डोकं हातात येतं. म्हणून तेल मुरल्यावर आधी हातोडी घ्या. बोल्टच्या डोक्यावर सरळ आणि नटाच्या कडांवर आडवे, मध्यम जोराचे पुष्कळ ठोके द्या. त्याने गंजाला तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत उतरतं.

मग पाना. उघड्या तोंडाचा फिक्स पाना इथे अजिबात नको, तो कोपरे खातो. सहा कोनांची सॉकेट, म्हणजे गॅरेजवाल्यांची गोटी, किंवा घट्ट बसणारा रिंग पाना घ्या. पहिला झटका सोडण्याच्या दिशेने न देता किंचित आवळण्याच्या दिशेने द्या, गंजाची पकड तिथेच तुटू शकते. "कट्ट" असा कोरडा आवाज आला की काम झालं. पण आवाज न होता पाना रबरासारखा मऊ फिरू लागला तर ताबडतोब थांबा, बोल्ट पिळला जातो आहे. सुटल्यावरही एकदम बाहेर काढू नका. पाव फेरा बाहेर, थोडा आत, पुन्हा तेल.

काही ठिकाणी गाडी बनवणाऱ्यानेच सोय करून ठेवलेली असते. मारुतीच्या मागच्या ब्रेकचा ड्रम हबवर गंजून बसला की लोक त्याला घणाने झोडतात आणि ओतीव लोखंड तडकतं. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. हँडब्रेक सोडून त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की ड्रम स्वतःहून बाहेर सरकतो. तिथला ब्लीडर निपल मात्र जपा. तो आतून पोकळ असल्यामुळे चटकन मोडतो.

एवढ्यानेही भागलं नाही तर उष्णता. तापवायचा तो नट, बोल्ट नाही. १० मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापलं की जेमतेम ०.०३६ मिलिमीटर मोठं होतं, साधारण केसाच्या निम्म्या जाडीएवढं. पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. गरम नटाला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, ही गॅरेजमधली जुनी युक्ती खरोखर चालते. मात्र पेट्रोलची टाकी, इंधनाच्या नळ्या, रबरी ब्रेक होज, शॉकअब्सॉर्बर किंवा सीएनजी किट जवळ असेल, तर घरी ज्योत पेटवू नका. यात अपवाद नाही.

सायलेन्सरच्या नटांवर फार वेळ घालवू नये असं माझं मत. छिन्नीने किंवा ग्राइंडरने कापा आणि नवे बसवा. बोल्ट आतच तुटला, तर उरलेल्या खुंटावर वेल्डरकडून एक नट जोडून घ्या. वेल्डिंगची धगच निम्मं काम करते.

नवा बोल्ट घेताना किनारपट्टीवर एक चूक सर्रास होते. गंजत नाही म्हणून लोक स्टेनलेस स्टीलचा बोल्ट बसवतात. डोक्यावर ८.८ लिहिलेला पोलादी बोल्ट प्रति चौरस मिलिमीटर ६४० न्यूटनपर्यंत कायमचा ताणला जात नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ए२-७० स्टेनलेसची ती मर्यादा ४५०च आहे. आरशाच्या पट्टीला तो चालेल. ब्रेक, सस्पेन्शन आणि सीटबेल्टला मूळ दर्जाचाच बोल्ट हवा. सायलेन्सरच्या आट्यांना कॉपर ग्रीस लावा म्हणजे पुढच्या वेळी ते सुटतील. चाकाच्या नटांचे आटे मात्र, पुस्तिकेत तसं सांगितलं नसेल तर, कोरडेच ठेवा. घर्षण कमी झालं की त्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. चाकांना ठोकळे लावा आणि खाली भक्कम स्टँड द्या. सस्पेन्शनची स्प्रिंग, कुजलेला फ्लोअर आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या ही कामं घरची नव्हेत. फ्लोअर आणि खालचे आधारच गंजून गेले असतील, तर गाडी भंगारात देणंच योग्य.

परिवहन मंत्रालयाला मात्र एक विनंती. नूतनीकरणाचं शुल्क गाडीच्या वयावर ठरवू नका, तपासणीत दिसलेल्या तिच्या अवस्थेवर ठरवा. मालकाने निगा राखलेली, ब्रेक आणि धूर दोन्ही नियमांत असलेली वीस वर्षांची मारुती रस्त्यावर राहायला पात्र आहे. तिच्या मालकाकडून १० हजार घेणं अन्यायाचं आहे.