घरगुती राउटरमधील डीएनएस संचय : कार्यपद्धती व महाविद्यालयीन संकेतस्थळांच्या संदर्भात महत्त्व

प्रस्तावना :
महाविद्यालयाचे संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलविल्यानंतर कार्यालयातील संगणकावर प्रवेशाची नवी यादी दिसते. काही विद्यार्थ्यांना मात्र घरी जुनेच पान दिसत राहते. यात विद्यार्थ्याची चूक नसते आणि बहुधा राउटरही बिघडलेला नसतो. प्रस्तुत लेखात या विसंगतीमागील डीएनएस संचयाचे विवेचन केले आहे.

कार्यपद्धती :
माणसे संकेतस्थळ नावाने ओळखतात, तर संगणक अंकांच्या पत्त्याने. नावावरून पत्ता शोधून देणारी 'डोमेन नेम सिस्टिम' पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याच्या परिसरातील एखाद्या घराचे उदाहरण घेऊ. विद्यार्थ्याने मोबाईलवर महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडले की पृच्छा प्रथम घरातील राउटरकडे जाते. राउटर सहसा स्वतः शोध घेत नाही. तो ती सेवापुरवठादाराच्या सर्व्हरकडे पाठवितो. हा सर्व्हर टप्प्याटप्प्याने महाविद्यालयाच्या अधिकृत नोंदीपर्यंत पोहोचतो. मिळालेले उत्तर राउटर आपल्या स्मृतीत ठेवतो आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीला तेथूनच तत्काळ देतो.

कालमर्यादा :
प्रत्येक नोंदीसोबत तिची वैधता सेकंदांत दिलेली असते. तिला 'टीटीएल' म्हणतात. ८६,४०० सेकंद म्हणजे एक दिवस. सेवापुरवठादाराने सकाळी दहाला मिळविलेली अशी नोंद राउटरला दुपारी चारला मिळाली, तर तिचे ६४,८०० सेकंदच उरलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत मात्र जुनाच पत्ता ग्राह्य धरला जातो. राउटर बंद करून पुन्हा सुरू केल्यास त्याची स्मृती सामान्यतः रिकामी होते. परंतु सेवापुरवठादाराचा संचय तसाच राहत असल्याने जुने उत्तर पुन्हा येऊ शकते. ब्राउझर व मोबाईल यांचेही स्वतंत्र संचय असतात.

निष्कर्ष :
संचयामुळे वेग वाढतो, मात्र बदल उशिरा पोहोचतो. म्हणून स्थलांतरापूर्वी किमान जुन्या टीटीएलइतका काळ आधी नोंदीची मर्यादा ३०० सेकंदांपर्यंत कमी करावी आणि स्थलांतरानंतर जुना सर्व्हर काही दिवस चालू ठेवून त्यावरही नवी यादी द्यावी. प्रवेशाची अंतिम तारीख टीटीएलसाठी थांबत नाही; त्यामुळे ही दक्षता घेणे संकेतस्थळाची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांचे कर्तव्य ठरते.